घरातली ‘थ्री नॉट थ्री’ आधी नीट वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बोल्टची, म्हणजे दांडी हातानं मागंपुढं करून भरायची, जुनी रायफल दिसली की तिला सरसकट ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात. आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये होते, पणजोबांकडे इनामदारी होती, कुणा साहेबानं खूश होऊन दिली होती, अशी एखादी हकिकतही तिला चिकटलेली असते. हकिकत खोटीच असेल असं मी म्हणत नाही. पण परवान्यावर चढलेली आणि कपाटात कुलपात असलेली ती रायफल बहुतेक वेळा .३०३ नसते, .३१५ असते. ती कुणाच्या ताब्यात राहू शकते, तिला किंमत काय यावी, तिच्यात कुठलं काडतूस घालावं, हे सगळं या फरकावर ठरतं.

.३०३ हे ब्रिटिश फौजेचं काडतूस. फौजेच्या कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, चोरीला गेलेली काडतुसं बाहेरच्या बंदुकांत चालू नयेत म्हणून हिंदुस्थानात सामान्य नागरिकांसाठी तो बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं ते माप, बंद झाला. मग बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं ली-एनफिल्डचीच यंत्रणा घेतली आणि तिला .३१५ ची नळी बसवली. काडतूस निवडलं ते ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिखरच्या घराण्यातलं, म्हणजे ब्रिटिश कोतात न सापडणारं. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानं हीच .३१५ स्पोर्टिंग रायफल बनवणं सुरू ठेवलं. .३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे. जवानाला फौजेतून घरी येताना सरकारी रायफल कोतात जमा करावीच लागायची. त्यामुळं आजोबांनी नोकरीभर .३०३ चालवली हे खरं, आणि घरातली .३१५ त्यांनी नंतर रीतसर विकत घेतली हेही खरं. नातवंडांपर्यंत येईस्तोवर या दोन गोष्टींची एक गोष्ट होऊन जाते.

आता यंत्रणा समजून घेऊ, कारण ती कळल्याशिवाय जुन्या रायफलीची पारख होत नाही. बार उडतो तेव्हा काडतुसाच्या बुडावर प्रचंड दाब येतो; .३०३ मध्ये तो चौरस इंचाला १८-१९ टनांच्या घरात जातो. हा दाब मागं नेमबाजाच्या तोंडावर येऊ नये म्हणून मागची बाजू पक्की बंद करावी लागते. बोल्ट हे काम दाराच्या अडसरासारखं करतो: पुढं ढकलायचा, दांडी खाली वळवायची, की त्याचे जाड पोलादी दात बॉडीतल्या खाचांत जाऊन बसतात. या दातांना लग म्हणतात. जर्मनीच्या पॉल माउझरनं १८९८ च्या रायफलीत दोन मुख्य लग बोल्टच्या पुढच्या टोकाला, काडतुसाला लागून ठेवले आणि मागं तिसरा जादा लग दिला. जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेत लग बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत. माउझरची पद्धत जास्त मजबूत. ताकदीची शिकारी काडतुसं पेलायची तर आजही तिचीच नक्कल होते. लीची पद्धत जास्त वेगवान. माउझरची दांडी ९० अंश उचलावी लागते, लीची ६० अंशातच मोकळी होते, आणि मॅगझिनमध्ये पाचाऐवजी दहा काडतुसं बसतात. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाकडून ३०० यार्डांवर मिनिटाला नेम धरून १५ गोळ्यांची अपेक्षा असायची. त्यामागं कवायत होती तशी ही यंत्रणाही होती. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून आहे. इथून तयार होऊन दुसऱ्या महायुद्धाला गेलेल्यांच्या हातात याच घराण्यातली रायफल होती.

लिव्हरची रायफल मात्र आपल्याकडच्या बहुतेकांनी फक्त घोडेस्वारांच्या अमेरिकन सिनेमांत पाहिलेली असते. चापाभोवतीचं कडं खाली ओढायचं आणि परत वर घ्यायचं, एवढ्यात सगळं होतं: रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा मागं चढतो, नळीखालच्या लांब नळकांड्यातून नवं काडतूस वर उचललं जातं आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या घरात, जातं. १८६० ची हेन्री, मग १८६६ आणि १८७३ च्या विंचेस्टर अशी ही वंशावळ. या पहिल्या पिढीत मागची बाजू बंद करायला गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा होता. काळ्या दारूच्या कमी दाबाला तो पुरत असे, जोरकस काडतुसाला नाही. जॉन ब्राउनिंग यांनी १८८६ च्या विंचेस्टरमध्ये उभे सरकणारे पोलादी ठोकळे घालून हा प्रश्न सोडवला आणि १८९४ च्या रायफलीतून पुढं बिनधुराच्या दारूची .३०-३० काडतुसं चालू लागली. ही १८९४ ची रायफल पुढं सत्तर लाखांहून जास्त बनली.

इतकी झटपट यंत्रणा असून जगातल्या फौजांनी लिव्हर का घेतली नाही? १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी विंचेस्टरच्या जोरावर रशियन हल्ल्यांची दाणादाण उडवली होती, म्हणजे सामर्थ्य दिसलं नव्हतं असं नाही. अडचणी व्यवहारातल्या होत्या. जमिनीवर पालथं पडून नेम धरला की कडं खाली उघडायला जागा राहत नाही. नळकांड्यात काडतुसं एकामागं एक रांगेत असतात. पुढच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडावरच्या ठोका बसताच पेटणाऱ्या भागावर, मागच्याचं टोक टेकलेलं असतं. म्हणून त्यात चपट्या किंवा बोथट नाकाची गोळीच वापरतात. टोकदार गोळी घातली आणि धक्का बसला तर नळकांड्यातच स्फोट होऊ शकतो. फौजा तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोकदार गोळीकडे वळत होत्या. यावर ब्राउनिंग यांचं उत्तर म्हणजे १८९५ ची विंचेस्टर: लिव्हर तीच, पण मॅगझिन पेटीचं. पहिल्या महायुद्धात रशियाच्या झारनं अशा जवळजवळ तीन लाख रायफली मागवल्या. ती .३०३ मध्येही निघाली आणि .४०५ या दणकट शिकारी काडतुसातही. आपल्या भागात लिव्हरची रायफल दुर्मीळच. ब्रिटिश अमलातला बाजार बोल्टचा आणि जोडनळीचा होता. सांगली, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावंतवाडी अशी संस्थानं आजूबाजूला होती. तिथल्या संस्थानिकांच्या त्या काळच्या शिकारीच्या हौसेची कल्पना हवी असेल तर कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधलं संग्रहालय एकदा डोळे भरून पाहून यावं.

जुन्या रायफलीची खरी गंमत ती वाचण्यात आहे. हातात घेताना नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, बोल्ट उघडून चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानं चाचपायचं. वीस वर्षं कुणी हात लावला नसला तरीही.

समजा समोर एखादी फौजी ली-एनफिल्ड आहे. बोल्टच्या मागं, दस्ता जिथं मुठीत येतो तिथं पोलादी पट्टा असतो. त्याच्या उजव्या बाजूला वरून खाली वाचत या. वर मुकुट. त्याखाली जी. आर. असेल तर राजा जॉर्ज, ई. आर. असेल तर एडवर्ड, व्ही. आर. असेल तर व्हिक्टोरिया. जी. आर. आय. दिसलं तर शेवटचं आय सम्राटपदाचं. हिंदुस्थानातल्या रायफलींवर ते हमखास भेटतं. मग कारखाना: एनफिल्ड, बीएसए, ऑस्ट्रेलियातलं लिथगो, किंवा ईशापूर. स्वातंत्र्यानंतरच्या ईशापुरी मालावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि आर. एफ. आय. ही अक्षरं येतात. मग साल, आणि शेवटी मॉडेल. मार्क ३ हे १९०७ चं रूप. त्यापुढं चांदणी असेल तर ते महायुद्धाच्या घाईत सोपं केलेलं रूप, ज्यात मॅगझिन झाकणारी पट्टी आणि दूरच्या माऱ्याचे बाजूचे साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, काढून टाकले. बाणाच्या खुणेसोबत आय हे अक्षर म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती रायफल फौजेनं रीतसर विकून टाकलेली. आणि डी. पी. ही अक्षरं कुठंही दिसली, तर ती फक्त कवायतीसाठी ठेवलेली, निकामी ठरवलेली रायफल. तिच्यातून कधीही बार काढायचा नाही.

.३१५ वर हा सगळा थाट नसतो, पण नळीच्या मागच्या टोकाजवळ बोअर, बनवणारा आणि नंबर सापडतोच. नंबर बॉडीवर वाचा, मग बोल्टच्या दांडीच्या मुळाशी वाचा. फौजी रायफलीत तोच नंबर पुढच्या टोपणावर आणि मागच्या साइटच्या पानाखालीही असतो. सगळे जुळले तर रायफल कारखान्यातून निघाली तशी एकत्र राहिली आहे. बोल्टचा नंबर वेगळा असेल तर सावध व्हा. दोन भावांच्या घरी दोन .३१५ असतील आणि बोल्ट काढून वेगळे ठेवायची सवय असेल, तर साफसफाईत अदलाबदल होणं सहज शक्य आहे. दुसऱ्याचा बोल्ट बसतो, बंदही होतो. पण काडतुसाच्या बुडामागं किती जागा उरते, म्हणजे हेडस्पेस, ती बिघडते. जास्त जागा उरली की बार उडताना पुंगळी मागं ताणली जाऊन फाटते आणि तप्त वायू मागं येतो.

किमतीबद्दल लोक आधी विचारतात, पण त्याचं उत्तर या खुणांनंतरच देता येतं. अमेरिकेतल्या संग्राहकाला मूळ निळसर झिलई, जुळणारे नंबर, न घासलेलं लाकूड हवं असतं. १९६४ मध्ये विंचेस्टरनं उत्पादन स्वस्त केलं म्हणून त्याआधीच्या रायफलींना तिथं वेगळाच भाव आहे. आपल्याकडचं गणित निराळं. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळं आधी आलेला माल तेवढाच. झेकोस्लोव्हाकियातली ब्रनो .२२ किंवा परवान्यावर चालणाऱ्या बोअरची चांगली माउझर हातात आली की लोक भाव विचारत मागं लागतात. ईशापुरी .३१५ ला तो मान नाही, कारण ती पुष्कळ बनली. दुसऱ्या बाजूनं गिऱ्हाईकही मोजकंच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. वारसाहक्कानं आलेलं शस्त्रही त्या दोनातच धरलं जातं. तिसरं होतं त्यांना ते वर्षभरात जमा करावं लागलं. परदेशी लेखात वाचतो तसा भिंतभर रायफलींचा खासगी संग्रह इथं उभा करता येत नाही, हे आधीच मनाशी पक्कं केलेलं बरं. माझ्या मते दोनची मर्यादा संग्राहकाला शिस्तही लावते. जी ठेवायची ती पूर्ण माहीत करून घेऊन ठेवायची.

किंमत सगळ्यात जास्त कशानं पडते? पॉलिश पेपरनं. दसऱ्याच्या आधी चकचकीत करायची म्हणून नळी घासली जाते, खुणांच्या कडा गोल होतात, आकडे पुसट होतात. ऐंशी वर्षांची झिलई एका दुपारी जाते आणि परत येत नाही. नंबर पुसट होणं तर कायद्याच्या दृष्टीनंही घातक, कारण शस्त्रावरचा नंबर खोडणं किंवा बदलणं हा गंभीर गुन्हा आहे. नंबर खरोखरच झिजला असेल किंवा परवान्यात एखादा आकडा चुकून वेगळा चढला असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडं अर्ज करून दुरुस्ती मागायची. छिन्नी धातूला लावायची नाही.

धातूइतकीच कागदं जपा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणून जुन्या घरांत परवान्याची पुस्तकं मुंबई सरकारची, नंतरचे शेरे कन्नडमध्ये, आणि खरेदीची पावती एखाद्या बंद पडलेल्या दुकानाची, असा संच निघतो. रायफल कुणाकडून कुणाकडं आली ही साखळी त्यातूनच सिद्ध होते. झेरॉक्स काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवा, आणि कन्नड शेऱ्यांचा अर्थ कुणाकडून तरी लिहून घ्या. पुढच्या पिढीतलं कुणी पुण्याला स्थायिक झालं की हे शेरे वाचणारं घरात उरत नाही.

सीमाभागात एक गोष्ट फार सहज विसरली जाते. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. निपाणीहून कागल म्हणजे आपल्याला शेजारचं गाव. पण परवाना कर्नाटकापुरता असेल तर रायफल गाडीत घेऊन दूधगंगेपलीकडं गेलात की तुम्ही विनापरवाना शस्त्र बाळगता आहात. लग्न सासरी कोल्हापुरात आहे, दुरुस्तीवाला तिकडचा आहे, ही कारणं चालत नाहीत. क्षेत्र वाढवून हवं असेल तर अर्ज आधी करायचा.

वारसाचा प्रश्न असाच. वडील गेले की रायफल आपोआप मुलाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करून पावती घ्यायची आणि वारस म्हणून अर्ज करायचा. भावाबहिणींची ना-हरकत लागते. एक बहीण सांगलीत, एक भाऊ ठाण्यात असेल तर यातच महिने जातात, म्हणून जिवंतपणीच हालचाल केलेली उत्तम. शस्त्र नियम २०१६ तशी मुभा देतात: धारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडं असलं, की तो हयात असतानाच वारसाला परवाना मिळू शकतो.

‘एवढी जुनी आहे, तिला कसला परवाना?’ हा समज धोक्याचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशीच अट आहे. शंभर वर्षांची विंचेस्टर चालत असेल तर तिला परवाना हवाच. कोडगूमध्ये कोडवांना मिळालेली सूट कर्नाटकात म्हणून आपल्यालाही लागू आहे, असंही काही जण समजतात. ती कोडवांची आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरेनं चालत आलेल्या, जमिनीच्या धारकांची आहे. बेळगावला तिचा संबंध नाही. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश निघतो. जमा करताना पावतीवर नंबर लिहून घ्या, परत घेताना बॉडी आणि बोल्टचा नंबर ताडून घ्या.

आता चालवण्याबद्दल. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. लग्नात, यात्रेत हवेत बार काढणं २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जागा उरते ती मान्यताप्राप्त रेंजची. तिथं नेण्याआधी जाणकार आर्मररकडून, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडून, तपासणी करून घ्यायची. नळीला फुगवटा आहे का, गोळीला फिरकी देणारे आतले आटे शिल्लक आहेत का, दस्त्याला मुठीपाशी चीर आहे का, गेज लावून हेडस्पेस किती भरतो. फौजी ली-एनफिल्डच्या नळ्या कॉर्डाइट या जुन्या बिनधुराच्या दारूच्या उष्णतेनं चेंबरपुढं झिजलेल्या असतात. बाहेरून देखणी, आतून संपलेली. काडतूस बोअरच्या खुणेशी जुळणारंच आणि ताजं हवं. चाप ओढूनही बार झाला नाही तर लगेच बोल्ट उघडू नका. नळी लक्ष्याकडंच ठेवून निदान मिनिटभर थांबा, उशिरा उडणारं काडतूस असू शकतं. आवाज फुसका आला तर पुढची गोळी घालण्याआधी बोल्ट काढून नळीतून आरपार पाहा. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गेली की नळी फाटते. जुन्या लिव्हर रायफलीत वेगळा सेफ्टी खटका नसतो. चढलेला घोडा अंगठ्यानं अलगद उतरवावा लागतो आणि तेलकट बोटानं तो निसटतो.

पण बोल्टवर हात खरोखर बसवायचा असेल तर .२२ नं सुरुवात करा. एनसीसीत गेलेल्या कितीतरी जणांनी पहिली गोळी .२२ बोल्ट रायफलीतूनच झाडलेली असते. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य नेमबाजीसाठी .२२ वापरत असेल, तर दोन शस्त्रांच्या मर्यादेतून कायद्यानं त्याला सूट दिली आहे. प्रेरणेसाठी लांब जायला नको. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य ४५१.४ गुणांनी जिंकलं. दोन्ही प्रकार .२२ चेच.

जपणुकीत आपला खरा शत्रू पाऊस. जांबोटी, कणकुंबीकडं चार महिने भिंती ओल्या असतात आणि चामड्याच्या म्यानात ठेवलेली रायफल आतून गंजते, कारण चामडं ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात म्यानातून बाहेर, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि दर पंधरवड्याला बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा शेंगतेल धातूला नको, ते चिकट होऊन बोल्ट अडखळतो. लाकडाला मात्र आपल्याकडचं जवसाचं तेल उत्तम. फौजाही तेच वापरत. जुन्या फौजी काडतुसांच्या टोपीतून जळल्यावर क्षार उरतो आणि तो हवेतली ओल ओढतो, म्हणून तशी काडतुसं चालवलेल्या नळीतून आधी कढत पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. खंडेनवमीला पूजा करा, पण हळदकुंकू लाकडावर आणि पट्ट्यावर लावा, बोल्टच्या खाचांत नको. पाणी शिंपडलं असेल तर आरती झाल्यावर लगेच पुसून तेल फिरवा.

काडतुसं रायफलीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळची, हिरवी पडलेली काडतुसं सापडली तर ती विहिरीत टाकू नका, चुलीत तर मुळीच नको. आणि त्यावर .३०३ असं कोरलेलं निघालं तर ती घरात ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. वकिलाला विचारून, लेखी अर्जासह पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या.